'लिली' पत्राच्या संपादिका अमिलिया ब्लूमरबाई

इंग्रजी शब्दकोशांत 'ब्लूमर' या शब्दापुढें स्त्रियांच्या एका प्रकारच्या विजारीचें वर्णन दिलेलें आढळतें. ज्या बाईंच्या नांवावरून हा शब्द पडला, त्यांनीं ती विजार शोधून काढिली नव्हती, आणि कांहीं वर्षांनीं त्यांनीं ती वापरण्याचें सोडूनही दिलें. परंतु जगाची रीतच अशी आहे कीं, मनुष्याच्या हातून जें काम कष्टानें व दीर्घकाळ झालें तें विसरलें जातें, आणि ज्याची चेष्टा करितां येते तें मात्र लोकांच्या जिभेवर राहतें. ब्लूमरबाईंनीं सहा वर्षें स्त्रियांसाठीं एक पत्र चालविलें. पदरीं भांडवल नाहीं, छापखाना नाहीं, पूर्वीचा अनुभव नाहीं, आणि ज्या मंडळीनें तें काढण्याचें ठरविलें ती मंडळीही पाठीशीं राहिली नाहीं, अशा स्थितींत तें पत्र कसें निघालें व कसें वाढलें, हें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमिलिया जेंक्स यांचा जन्म अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत होमर या गांवीं ता. २७ मे १८१८ रोजीं झाला. त्यांचें शिक्षण फार झालें नाहीं. गांवच्या शाळेंत जें थोडकें शिकावयास मिळालें तेवढ्यावर त्या वयाच्या सतराव्या वर्षीं स्वतः शिक्षिका झाल्या, व पुढें वॉटर्लू या गांवीं एका कुटुंबांत राहून मुलांस शिकवूं लागल्या. तेथें डेक्स्टर ब्लूमर या तरुण गृहस्थांची त्यांस ओळख झाली. डेक्स्टर हे कायद्याचा अभ्यास करीत असत व जवळच्या सेनेका फॉल्स गांवच्या 'सेनेका काउंटी कूरियर' या वर्तमानपत्राचे ते एक चालक होते. ता. १५ एप्रिल १८४० रोजीं उभयतांचा विवाह झाला. विवाहविधींत वधूनें वराच्या आज्ञेंत राहण्याचें वचन द्यावें अशी तेव्हांची रीत होती. ते शब्द या विवाहांत वगळण्यांत आले.

लग्नानंतर वधूवर सेनेका फॉल्स येथें आलीं तेव्हां स्नेहीमंडळी जमली व मानाप्रमाणें द्राक्षारसाचे पेले पुढें आले. नव्या नवरीनें पेला घेतला नाहीं. पतीनें प्रेमानें आग्रह केला, तरीही घेतला नाहीं. एवढ्याशा गोष्टींत काय आहे असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत आपण नुकत्याच आलों, तेथील पाहुण्यांदेखत पतीला नको म्हणणें हें सोपें नसतें, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. डेक्स्टर यांस राग आला नाहीं. उलट, आपल्या पत्नीस लिहिण्याची हातोटी आहे हें त्यांच्या लक्षांत आलें आणि त्यांनीं तिला लिहावयास लाविलें. बाई भिडस्त होत्या. स्वतःच्या नांवानें छापून यावें हें त्यांस पटेना. म्हणून गांवच्या 'वॉटर बकेट', म्हणजे पाण्याची बादली, या मद्यनिषेधाच्या पत्रांत त्यांचे लेख टोपणनांवांनीं येऊं लागले.

त्या काळीं त्या देशांत दारू किती पीत असत व तिच्यामुळें बायकांची दशा काय होई, हें समजल्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. नवरा दारुडा निघाला तर बायकोला कोठेंही दाद नव्हती. तिनें धुणीं धुवून किंवा शिवणकाम करून चार पैसे मिळविले, तर कायद्यानें ते नवऱ्याचे. मुलांवर हक्क त्याचा. माहेरची मालमत्ता असली तरी ती त्याच्या हातीं. न्यूयॉर्क संस्थानांत १८४८ सालीं विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला व ही शेवटली गोष्ट कांहीं अंशीं सुधारली. पण स्वतःची मजुरी स्वतःची ठरावयास तेथें १८६० साल उजाडावें लागलें. मद्यनिषेधाच्या सभा पुरुष भरवीत, भाषणें पुरुष करीत, आणि ज्यांच्या चुली विझल्या होत्या त्या बायका मागें बसून ऐकत.

१८४८ सालीं सेनेका फॉल्स येथें दोन गोष्टी घडल्या. जुलै महिन्याच्या १९ व २० तारखांस तेथील वेस्लियन मंडळीच्या मंदिरांत स्त्रियांच्या हक्कांविषयीं ती प्रसिद्ध परिषद भरली, जिच्या पुढाऱ्यांत त्याच गांवीं राहणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टॅन्टन या होत्या. ब्लूमरबाई तेथें ऐकावयास गेल्या. पण जाहीरनाम्यावर त्यांनीं सही केली नाहीं. मतदानाचा हक्क वगैरे मागण्या त्यांस त्या वेळीं फार पुढच्या वाटल्या असाव्यात. दुसरी गोष्ट अशी कीं, त्याच वर्षीं गांवांतील स्त्रियांनीं आपली स्वतंत्र मद्यनिषेधक मंडळी स्थापिली. हींत मात्र बाई मनापासून शिरल्या. मंडळीचें एक पत्र असावें अशी कल्पना निघाली व सर्वांस ती आवडली. डेक्स्टर यांस वर्तमानपत्राच्या धंद्याची माहिती असल्यामुळें त्यांनीं यांत कर्ज होण्याचा धोका आहे असें सांगून पाहिलें; पण उत्साहाच्या भरांत कोण ऐकतो? पत्राचें नांव 'लिली' ठेवावें असें मंडळीच्या अध्यक्षीणबाईंनीं सुचविलें. ब्लूमरबाईंस नांव फारसें रुचलें नव्हतें, तरी तेंच कायम झालें. जाहिरातपत्रक निघालें, व वर्गणीचे पैसे येऊं लागले.

आणि मग, जसें पुष्कळ मंडळ्यांत होतें तसें झालें. आरंभीं ज्या पुढें होत्या त्या एकएक करून मागें सरल्या. खर्च कोठून भागवावा? लेख कोणीं लिहावे? बायकांनीं पत्र काढिल्यास लोक काय म्हणतील? अखेरीस मंडळीनें या कामांतून अंग काढून घेतलें. आतां पत्र न काढण्यांत कोणासही विशेष दोष लागला नसता. परंतु ब्लूमरबाईंच्या मनाला एक गोष्ट टोंचत राहिली. दूरच्या गांवांतील माणसांनीं आपणांवर भरंवसा ठेवून पैसे पाठविले आहेत. त्यांस पत्र मिळालेंच पाहिजे. एवढ्या एका कारणासाठीं त्यांनीं तें ओझें एकटीच्या खांद्यावर घेतलें. मोठ्या चळवळी मोठ्या विचारांनीं सुरू होतात असें आम्ही समजतों; येथें मात्र लोकांच्या अर्ध्या अर्ध्या डॉलराचा हिशेब चुकता करण्याच्या निश्चयानें सुरुवात झाली.

ता. १ जानेवारी १८४९ रोजीं 'लिली'चा पहिला अंक निघाला. पत्र आठ पानांचें, मासिक, वर्गणी सालाची पन्नास सेंट. मद्यनिषेध व साहित्य यांस वाहिलेलें स्त्रियांचें पत्र, असा मथळ्यावर खुलासा होता, आणि स्त्रियांच्या कमिटीनें प्रसिद्ध केलें असेंही छापिलें होतें. ही कमिटी नांवापुरतीच होती. पहिल्या अंकास ब्लूमरबाईंबरोबर आणखी एका बाईंचें नांव जोडलेलें होतें. तेंही लवकरच गळालें. पुढें १८५० सालीं बाईंनीं कमिटीचा उल्लेखच काढून टाकिला व पत्रावर एकट्या आपलें नांव घातलें. जी स्त्री नांव छापण्यास भीत होती तीच आतां, हें कोणाचें काम आहे तें स्पष्ट असावें, असें म्हणूं लागली.

त्या वेळीं स्त्रियांसाठीं मासिकें नव्हतीं असें नाहीं. फिलाडेल्फिया शहरीं निघणारें 'गोडीज लेडीज बुक' हें तर घरोघरीं माहीत होतें. हातानें रंगविलेलीं पोषाखांचीं चित्रें, कथा, कविता, शिवणकामाचे नमुने यांनीं तें भरलेलें असे. त्याच्या संपादिका सेरा जोसेफा हेल या विदुषी होत्या, व स्त्रीशिक्षणासाठीं त्यांनीं पुष्कळ केलें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु तें मासिक लुई गोडी नांवाच्या गृहस्थांच्या मालकीचें होतें आणि राज्यकारभाराच्या वादांपासून तें दूर राही. 'लिली'जवळ रंगीत चित्रें नव्हतीं व श्रीमंत मालकही नव्हता. तिच्यांत काय घालावें व काय घालूं नये हें ठरविणारी एकच व्यक्ति होती, व ती व्यक्ति स्त्री होती.

पत्र काढणें म्हणजे केवळ लेख लिहिणें नव्हे. ब्लूमरबाईंस प्रत्येक गोष्ट नव्यानें शिकावी लागली. छपाई 'कूरियर'च्या छापखान्यांत होई. तेथील जुळारी एकेक खिळा हातानें उचलून ओळी बसवीत. त्या कच्च्या छापाचीं प्रुफें बाई तपाशीत, चुका दुरुस्त करीत, पुन्हां पाहत. लेख कमी पडला तर स्वतः लिहून जागा भरून काढावयाची. अधिक झाला तर कोणाचें मन न दुखवितां कापावयाचा. अंक छापून झाल्यावर घड्या, वेष्टणें, पत्ते, टपालांत टाकणें, वर्गणीच्या वह्या राखणें, न आलेल्या वर्गणीबद्दल लिहिणें, हें सर्व त्याच करीत. (वर्गणी थकविणारे वाचक त्याही देशांत होते, यावरून या पत्राच्या व्यवस्थापकांस थोडें समाधान वाटावें.) एक अंक संपतो न संपतो तोंच दुसऱ्याची तारीख उभी राहते. महिन्यामागून महिना ही घडी न मोडणें, हेंच अशा कामाचें मर्म होय.

त्याच १८४९ सालीं डेक्स्टर यांस सेनेका फॉल्सच्या पोस्टमास्तराची जागा मिळाली. त्यांनीं आपल्या पत्नीसच दुय्यम पोस्टमास्तर नेमिलें. बायकांस असें काम करितां येतें हें दाखवून देण्याची ही संधि आहे असें समजून बाईंनीं ती पत्करिली. टपालघराला लागून एक खोली होती. ती त्यांनीं नीट मांडून गांवांतील बायकांस उघडी केली. पत्र घ्यावयास आलेली बाई तेथें घटकाभर बसे, वर्तमानपत्रें पाही, चार गोष्टी बोले. बाईंनीं हें हेतुपूर्वक केलें कीं सहज, तें असो. परंतु संपादकाला लागते ती एक वस्तु, म्हणजे वाचकाचें मन प्रत्यक्ष समजणें, ती त्यांस या खोलींत मिळाली.

एके दिवशीं याच टपालघरांत स्टॅन्टनबाई आल्या आणि 'लिली'साठीं आपण कांहीं लिहूं काय असें त्यांनीं विचारिलें. तीन लहान मुलांची आई, घरच्या कामांत गुंतलेली, पण लेखणी तलवारीसारखी. त्यांचा पहिला लेख मद्यनिषेधावर होता. मग 'सन्फ्लावर', म्हणजे सूर्यफूल, या नांवानें त्यांचे लेख वारंवार येऊं लागले. मुलांचें संगोपन, मुलींचें शिक्षण असे विषय होतां होतां ते हळूहळू कायद्यावर येऊन पोंचले. बायकोला दारुड्याच्या घरांतून सोडवावयाचें तर तिची मजुरी, तिचीं मुलें व तिचें मत हीं तिचीं झालीं पाहिजेत, हा धागा त्यांनीं उलगडून दाखविला. सोय पाहणारा संपादक अशा वेळीं लेखिकेस म्हणतो कीं, बाई, वर्गणीदार घाबरतील. ब्लूमरबाईंनीं ते लेख छापिले, व छापतां छापतां स्वतः विचार करूं लागल्या. १८५० सालीं टेनेसी संस्थानाच्या कायदेमंडळानें स्त्रियांस आत्मा नाहीं, म्हणून मालमत्तेचा हक्कही नाहीं, असें ठरविल्याचें वृत्त पसरलें. तें वाचून बाईंस इतका संताप आला कीं, त्यांच्या लेखणीचा पूर्वीचा मवाळपणा गेला. परिषदेंत सही न करणाऱ्या बाई, पत्र काढितां काढितां, त्या सहीच्याही पुढें गेल्या. मथळ्यावरील मद्यनिषेध व साहित्य हे शब्द जाऊन हें पत्र स्त्रियांच्या हितास वाहिलेलें आहे असे शब्द पुढें आले. मद्यनिषेध मात्र त्यांनीं जन्मभर सोडिला नाहीं.

मे १८५१ मध्यें सेनेका फॉल्स येथें गुलामगिरीविरुद्ध सभा झाली. तिच्यासाठीं सूझन अँथनी या पूर्वी शिक्षिका असलेल्या बाई ब्लूमरबाईंच्या घरीं पाहुण्या आल्या होत्या. सभेहून परततांना रस्त्याच्या कोपऱ्यावर स्टॅन्टनबाई भेटल्या, आणि ब्लूमरबाईंनीं दोघींची ओळख करून दिली. पुढील पन्नास वर्षें अमेरिकेंतील स्त्रियांच्या चळवळीचें जूं ज्या दोघींनीं वाहिलें त्या दोघींची ही पहिली भेट. या प्रसंगाचे पुतळे पुढें त्या गांवीं उभारण्यांत आले. त्यांत मधल्या बाई ब्लूमर आहेत.

आतां त्या विजारीची गोष्ट. त्या काळच्या स्त्रियांचा पोषाख म्हणजे जमिनीवर लोळणारा झगा, त्याखालीं एकावर एक घातलेले जाड परकर, आणि कमरेला श्वास कोंडेल अशी आवळलेली चोळी. जिना चढतांना एका हातांत मूल व दुसऱ्यांत दिवा असला तर झगा कोणत्या हातानें सांवरावा? १८५१ च्या आरंभीं एलिझाबेथ स्मिथ मिलर या बाई गुडघ्याखालींपर्यंत आंखूड झगा व घोट्याशीं बांधलेली सैल विजार घालून सेनेका फॉल्सला आपल्या नात्यांतील स्टॅन्टनबाईंकडे आल्या. स्टॅन्टनबाईंनीं तो वेष उचलला, पाठोपाठ ब्लूमरबाईंनींही, व 'लिली'त तसें लिहिलें. न्यूयॉर्क शहरच्या 'ट्रिब्यून'नें ती बातमी घेतली, आणि देशभर गहजब उडाला. वर्तमानपत्रांनीं या वेषाला ब्लूमर हें नांव दिलें. हा वेष माझा नव्हे असें बाई सांगून थकल्या. पण कोणी ऐकेना. रस्त्यांत पोरें मागें लागत, व्यंगचित्रें निघत, व्यासपीठावरूनही ताशेरे झडत. पुढें एका प्रसिद्ध उपदेशकानें मोशेच्या नियमशास्त्राचा आधार घेऊन स्त्रियांस पुरुषी वेष निषिद्ध ठरविला. बाईंनीं शास्त्रांतूनच उत्तर दिलें कीं, आदाम व हव्वा यांनीं अंजिराच्या पानांचीं कटिवस्त्रें शिवलीं तेव्हां दोघांच्या वस्त्रांत कांहीं भेद केल्याचें लिहिलेलें नाहीं. आम्हां उपदेशकांस हें उत्तर थोडें झोंबतें खरें, पण तें चुकीचें आहे असें म्हणवत नाहीं.

या गोंधळानें 'लिली'ला वर्गणीदार मिळाले. नमुना पाठवा, माप पाठवा, अशीं शेंकडों पत्रें येऊं लागलीं. आरंभीं कांहीं शेंकड्यांनीं निघणाऱ्या प्रती १८५३ पर्यंत सुमारें ४,००० झाल्या. परंतु यांतच पत्राला मोठा धोका होता. लोक वेषाबद्दल वाचावयास येत आणि मजुरी, मुलें, शिक्षण, दारू यांबद्दलचीं पानें उलटून टाकीत. वेषावरच पत्र चालवावें असा मोह कोणाही संपादकास पडला असता. बाईंनीं वेषाचे लेख छापिले, पण बाकीचीं पानें त्यांस खाऊं दिलीं नाहींत. सहा-आठ वर्षांनीं, हलक्या कांबींचा झगा निघाल्यावर, त्यांनीं तो वेष सोडिला. त्याच्यामुळें अधिक महत्त्वाच्या गोष्टींवरून लोकांचें लक्ष उडतें, हेंही एक कारण त्यांनीं दिलें.

जानेवारी १८५३ पासून पत्र महिन्यांतून दोनदां निघूं लागलें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत बाईंनीं सूझन अँथनी व अँटोनेट ब्राउन यांसह न्यूयॉर्क शहरांत मोठ्या जनसमुदायापुढें मद्यनिषेधावर भाषण केलें. टोपणनांवाआड लपणारी ती नवरी आतां कोठें राहिली होती? वर्षअखेर ब्लूमर दंपती ओहायो संस्थानांतील माउंट व्हर्नन येथें राहावयास गेलें. तेथें डेक्स्टर यांनीं 'वेस्टर्न होम व्हिझिटर' या साप्ताहिकांत भाग घेतला; 'लिली'ही त्याच छापखान्यांत छापूं लागली.

येथें जो प्रसंग घडला तो आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. स्त्रियांस पोटाचा धंदा मिळावा असें 'लिली' पांच वर्षें सांगत आली होती. तेव्हां तिचे खिळे स्त्रीनें कां जुळवूं नयेत? १८५४ सालीं बाईंनीं एका स्त्रीस जुळाऱ्याच्या कामावर ठेविलें. छापखान्यांतील पुरुष खवळले. बाईमाणसाच्या शेजारीं आपण काम करणार नाहीं व तिला कांहीं शिकविणार नाहीं, असें म्हणून त्यांनीं संप केला. अंकाची तारीख जवळ आलेली, दोन्हीं पत्रें अडलेलीं. डेक्स्टर यांनीं पत्नीची बाजू सोडिली नाहीं. संपवाल्यांस जाऊं दिलें, कोलंबस शहराहून दुसरे जुळारी आणिले. त्यांत स्त्रियाही होत्या. पुढें त्या छापखान्यांत स्त्रीपुरुष एकत्र काम करूं लागले. कागदावर लिहिलेली गोष्ट घरांत करून दाखविण्याची किंमत किती असते, तें या संपानें दाखविलें.

१८५५ सालीं डेक्स्टर यांनीं आयोवा संस्थानाच्या पश्चिम टोकास कौन्सिल ब्लफ्स येथें जाण्याचें ठरविलें. तेथें रेल्वे पोंचली नव्हती. तीनशें मैलांपर्यंत तिचा पत्ता नव्हता. हजारों प्रती छापून वेळेवर देशभर पाठविणें तेथून अशक्य. पत्रावर बाईंचा जीव होता, परंतु तें अनियमित निघावें व वर्गणीदारांस वाट पाहावयास लावावें, हें त्यांस मान्य नव्हतें. इंडियाना संस्थानांतील रिचमंड येथील मेरी बर्डसॉल या बाईंस त्यांनीं 'लिली' विकली, व कांहीं काळ दुरून लेख पाठवीत राहिल्या. नव्या हातीं पत्र फार वर्षें जगलें नाहीं.

आयोवांतील आयुष्य थोडक्यांत सांगतों. स्वतःचें मूल नव्हतें. एका भावाबहिणीस त्यांनीं दत्तक घेऊन वाढविलें. जानेवारी १८५६ मध्यें शेजारच्या नेब्रास्काच्या कायदेमंडळापुढें स्त्रियांच्या मताधिकारावर त्यांनीं भाषण केलें. एका सभागृहांत तें विधेयक पास झालें, दुसऱ्यांत मुदत संपेपर्यंत बोलून बोलून तें बुडविण्यांत आलें. यादवी युद्धांत शिपायांस साह्य करणाऱ्या स्त्रीमंडळींत त्यांनीं काम केलें, व १८७१ सालीं आयोवाच्या मताधिकार मंडळीच्या त्या अध्यक्षा झाल्या. ता. ३० डिसेंबर १८९४ रोजीं कौन्सिल ब्लफ्स येथें त्यांचें देहावसान झालें. संपूर्ण देशांतील स्त्रियांस मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० सालीं झाली.

मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षीं, १८९५ सालीं, त्यांचें चरित्र प्रसिद्ध झालें. तें लिहिणारे डेक्स्टर ब्लूमर होते. वृद्धपणीं त्यांनीं 'लिली'चे जुने अंक पुन्हां काढून पत्नीचे लेख निवडले आणि त्या पुस्तकांत घातले.